भिकाबाई आपली माती न्यायला आली

पूर ओसरून आठवडा होत आला होता आणि आम्ही अजून घरातला चिखलच उपसत होतो. गाद्या भिंतीवर वाळत पडल्या होत्या, गव्हाच्या पोत्यांना आंबूस वास सुटला होता, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भांडी घासता घासता पावसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. अशात तांड्यावरची एक बाई दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर रिकामं टोपलं, हातात फावडं. रामराम नाही, विचारपूस नाही. ओसरीवर बसलेल्या माझ्या सासऱ्यांना ती सरळ म्हणाली,

"ग्यानबादादा, माही माती तुमच्या रानात येऊन पडली. न्यायला आली."

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा तिच्याकडं बघतच राहिले आणि मग खो खो हसले. पूर आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"बाई, माही म्हैस वाहून गेली. ती कोणत्या गावात मागायला जाऊ, सांग बरं?"

"म्हैस मेली असंल दादा. माती मरत न्हाई."

ही भिकाबाई राठोड. पन्नाशी ओलांडलेली, काटक, उंच. बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलणार, आणि आवाज असा, की कुजबुजली तरी शेजारच्या घरात ऐकू जावं. कुरुंद्याच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पोटाशी तिचा तांडा आहे. ओढा तिकडूनच खाली गावात येतो. मी माहेरची हट्ट्याची. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून तांड्यावरच्या बायका मी आठवडी बाजारात बघायची, नाहीतर हळद खुरपायला आल्या की. घरातलं कुणी त्यांच्याकडं जायचं नाही. मामा मजूर सांगायला तांड्याच्या तोंडापर्यंत जायचे आणि तिथूनच हाक मारून परतायचे. का, ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

पुराची गोष्ट अशी झाली, की वर टेकडीवर ढग फुटल्यासारखा पाऊस पडला आणि ओढ्यानं आपली वाट सोडली. तांड्यातली घरं उंचावर, म्हणून वाचली. पण ओढ्याकाठची रानं पाण्यानं अशी सोलून नेली, की खालचा मुरूम उघडा पडला. त्यात भिकाबाईचं सगळंच गेलं. हळद लावून महिना झाला नव्हता. हळद गेली, बांध गेला आणि रानाच्या अंगावरची माती गेली. आमचं उलटं झालं. आमचं रान सखल. वरून जे जे सुटलं ते आमच्याकडं येऊन थांबलं. नुकत्या उगवलेल्या हळदीवर गुडघाभर गाळ येऊन बसला.

आता ती माती तिची कशी, हे सांगायला हवं. भिकाबाई लग्न होऊन तांड्यावर आली तेव्हा त्या रानात कुसळ सोडून काही उगवत नव्हतं. नवरा पेमा आणि ती, दोघांनी मिळून दर उन्हाळ्यात पाझर तलावातला गाळ डोक्यावर वाहून तिथं टाकला. मेंढरं बसवली, शेणखत घातलं, राख घातली. पेमा वारला, तरी तिनं वाहणं सोडलं नाही. ती मला एकदा म्हणाली होती, "आमच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. म्या डोक्यावर माती वाह्यली. वाहणं काही सुटलं न्हाई बघ, पोरी." असं म्हणून ती हसली होती, पण त्या बोलण्यात मोठा तोरा होता.

त्या मातीत हळद यायला लागली, म्हणून तर तिचा मुलगा विकास दोन वर्षं ऊसतोडीला गेला नव्हता. आधी दर हिवाळ्यात तो बायकोला आणि लेकीला, निताला, घेऊन टोळीबरोबर जायचा. निताचं अर्धं वर्ष इथं शाळेत, अर्धं उसाच्या फडात. दोन वर्षं पोर एका जागी राहिली आणि वाचायला शिकली. पुराच्या दुसऱ्याच दिवशी विकासनं जाहीर केलं, की दिवाळी झाली की टोळीत जायचं. सगळ्यांनी. आणि उघडा पडलेला मुरूम रस्त्याच्या कामाला देऊन टाकायचा. मुरूम एकदा खणून नेला की मागं खड्डा राहतो. मग तिथं शेत कसलं आणि काय! भिकाबाईला लेकाला थांबवायचं होतं, आणि नुसत्या बोलण्यानं तो थांबणारा नव्हता. दिवाळीच्या आत रान पुन्हा रान व्हायला हवं होतं.

त्या दिवशी सकाळपर्यंत मामा त्या गाळाला अवदसा म्हणत होते. जेसीबीवाल्याला दोनदा फोन झाला होता. पण भिकाबाई माती मागून गेली आणि मामांचा सूरच बदलला. दुपारी बांधावर उकिडवं बसून त्यांनी गाळ मुठीत घेतला, वास घेतला, बोटांनी चुरला. संध्याकाळी म्हणाले, "सोनं आहे सोनं. पुरानं आणलेली माती ज्याच्या रानात पडली त्याची." कुणी मागितल्याशिवाय आमच्या मामांना आपल्याजवळच्या वस्तूची किंमत कळत नाही, हे मी लग्नानंतर लगेच ओळखलं होतं.

प्रकरण मारुतीच्या पारावर गेलं. तांड्याचे नाईक फुलसिंग भिकाबाईबरोबर आले. म्हातारा माणूस, डोक्याला लाल फेटा, बोलणं सावकाश. गावातल्या लोकांनी मामांचीच री ओढली. फुलसिंग नाईकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"आमचे वाडवडील बैल घेऊन फिरायचे तवाचा रिवाज हाय. एकाचा बैल दुसऱ्याच्या कळपात मिसळला, तर धन्यानं वळख दाखवायची अन आपला बैल न्यायचा. वळख पटली न्हाई, तर हात जोडून माघारी फिरायचं. भांडण न्हाई, तंटा न्हाई."

"नाईक, मातीला काय शिंगं असतेत का?" मामांनी विचारलं. पारावर हशा पिकला.

"दाखवते वळख," भिकाबाई म्हणाली. "ऊन पडू द्या."

ऊन पडायला दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी ती आली आणि मामांना घेऊन रानात गेली. आत्याबाई आणि मीही मागोमाग निघालो. असला तमाशा कोण सोडतं! सूर्य नुकताच वर आला होता. मामा कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "काय बघू?"

"बसा की दादा. उभ्यानं दिसायचं न्हाई."

कुरकुरत मामा खाली बसले. आम्हीही बसलो, आणि मी तोंडावर हात ठेवला. सगळं रान चमचम करत होतं. वाळत आलेल्या गाळात जागोजागी नखाएवढे आरसे होते. एक इथं, दोन तिथं, पार लांबच्या बांधापर्यंत.

तांड्यावरच्या जुन्या बायकांच्या घागऱ्याला आणि चोळीला आरसे लावलेले असतात, हे कुणाला माहीत नाही? कपडा फाटून चिंध्या झाला की तो उकिरड्यात जातो, आणि उकिरड्याचं खत शेतात. कापड कुजतं, आरसा कुजत नाही. भिकाबाईच्या सासूची चोळी, तिची स्वतःची, नणंदेची, अशा कितीतरी चोळ्या त्या रानात गेल्या होत्या.

मामांनी एक आरसा उचलला, धोतराला पुसला, उलटासुलटा केला. "कोणाचाबी असंल," ते पुटपुटले.

"व्हय का? मग सांगा, कुरुंद्यातली कोणती बाई आरशाची चोळी घालती?" भिकाबाईनं विचारलं. "आमची शकुबाई घालती का?"

शकुबाई म्हणजे आमच्या आत्याबाई. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मामांनी त्यांच्याकडं रागानं बघितलं, मग स्वतःच ओठ दाबून हसू आवरलं. आमच्या मामांचं एक बरं आहे. हरले की हरलो म्हणतात.

"ने बाई. पण माझी माती खाली आहे. तुझ्या मातीबरोबर माझं एक घमेलं जरी वर गेलं, तर याद राख."

"म्हणून तर मशीन नको. मशिनीला तुमची कोणती अन माही कोणती, कसं कळंल? हातानं काढू. तुमच्या हळदीची शेंडी दिसली की थांबू."

आणि तसंच झालं. तांड्यावरच्या बायका आल्या. पारुबाई आली, नानीबाई आली, ज्यांची रानं थोडीथोडी खरवडली होती त्या सगळ्या आल्या. फावड्यानं वरचा थर काढायचा, खाली पिवळट कोंब लागला की खुरप्यानं हळूच मोकळा करायचा. आमची बरीचशी हळद सडली होती. पण बांधाकडच्या ओळी, जिथं गाळ पातळ होता, तिथले कोंब जिवंत निघाले. जेसीबी लागला असता तर तेही गेले असते. हे आत्याबाईंच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवसापासून चहाची किटली रानात जायला लागली. किटली घेऊन मी गेले ती तिथंच अडकले.

"हट्ट्याची पोरगी," भिकाबाई ओरडायची, "घमेलं डोक्यावर घे! पोटाशी धरून लेकरू खेळवून राहिली काय?"

ओल्या रानात ट्रॅक्टर रुतायचा, म्हणून माती डोक्यावरून सडकेपर्यंत न्यायची आणि तिथून नाईकांच्या ट्रॅक्टरनं वर. पावसाची उघडीप मिळाली की हेच काम. पहिल्या दिवशी माझी मान अशी आखडली, की रात्री जेवताना मला ताटात बघता येत नव्हतं. पण खरं सांगू का? घरातला चिखल उपसून उपसून मी कंटाळले होते. तिथं नुसतं गेलेलं दिसायचं. इथं काहीतरी परत चाललं होतं, आणि ते माझ्या डोक्यावरून चाललं होतं. मला ते फार आवडलं.

भिकाबाईची चूक झाली ती इथून पुढं. फुलसिंग नाईक तिला सांगून थकले, की आधी वाहून गेलेला बांध घाल, मग माती पसर. तिला धीर नव्हता. दसरा तोंडावर आला होता, विकासनं मुकादमाकडं नाव घातलं होतं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली नव्हती एवढंच. तिला लेकाच्या डोळ्यांना काळं रान दाखवायचं होतं. आलेली माती ती लगेच मुरमावर पसरत गेली. रान काळंभोर दिसायला लागलं. एके दिवशी विकास तिथं येऊन उभा राहिला, ढेकूळ उचलून त्यानं हातात फोडलं. 'नाही' मात्र म्हणाला नाही. त्या दिवशी भिकाबाईनं सगळ्या बायकांना गूळ वाटला.

आणि दसऱ्याच्या आधी परतीच्या पावसानं झोडपलं.

सकाळी मामा रानात जाऊन आले आणि दारातूनच ओरडले, "प्रियंका, बघ गं, पाहुणी परत आली!" ओढ्याकडच्या कोपऱ्यात पुन्हा काळा गाळ येऊन पडला होता. मामा हसत होते. "भिकाबाईच्या मातीला माझ्या रानाची सवयच लागली म्हणायची." ती येईल, भांडेल, टोपलं आपटेल, म्हणून ते ओसरीवर तयारीतच बसले. ती आली नाही. दुपार झाली, तरी नाही. मामांचं हसू हळूहळू उतरलं. चहा गार झाला तरी त्यांनी घेतला नाही.

"जाऊन तरी या," आत्याबाई म्हणाल्या.

मामा उठले आणि निघाले. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून मीही बरोबर गेले. तांड्याच्या तोंडाशी ते क्षणभर थांबले, आणि मग आत शिरले.

भिकाबाई रानात उघड्या मुरमावर बसली होती. अर्ध्याहून जास्त माती गेली होती. आम्हाला बघून ती उठली नाही.

"चुकी माही हाय दादा," ती म्हणाली. "घाई केली. पोरगं म्हणून राहिलं, याडी आता बास कर." त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तिचा तो गावभर ऐकू जाणारा आवाज त्या दिवशी मला कान देऊन ऐकावा लागला.

"चुकी तर चुकी," मामा खेकसले. "बसून काय व्हणार हाय?" मग ते फुटलेल्या बांधावर चढले आणि खाली बघत राहिले. तिथून आमचं घर सरळ दिसत होतं. घराचा पत्रा, पडलेला गोठा, मोकळी दावण, सगळं.

"इथून माहं घर दिसतं," ते म्हणाले.

"म्हणून तर समदं तुमच्याकडं येतं."

"म्हंजे हा बांध टिकला असता, तर माही म्हैसबी राहिली असती."

"तेवढं मला सांगता यायचं न्हाई दादा. पण तकलीफ कमी झाली असती."

घरी आल्यावर मामांनी आत्याबाईंना सांगितलं, की पुरात पडलेल्या गोठ्याचे दगड वर जाणार.

मामांनी बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीसारख्याच सरकारी कामावर बांध घातले होते. तेव्हा ते मिसरूड फुटलेलं पोर होते. ती कला हातात होती आणि तोंडात त्याहून जास्त होती. दगड असा नको, तसा ठेव. पोट आत, तोंड बाहेर. भिकाबाई ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. बांध सरळ घालायचा की ओढ्याकडं वाक देऊन, यावर दोघं अख्खी सकाळ भांडले. शेवटी नाईकांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढली आणि दोघांनाही गप्प बसवलं. पहिल्या दिवशी मामा घरून डबा घेऊन गेले. पुढं पुढं आत्याबाईंचा डबा जसा जाई तसा परत यायला लागला. "काहून, उपास धरला का?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "भिकाबाईच्या ठेच्याला चव आहे." आत्याबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

विकास मात्र कामाला आला नाही. तो मुद्दाम लांब राहत होता. एकदा जीव गुंतला की पाय निघणार नाही, हे त्याला कळत असावं.

दिवाळी झाली. बांध दोन्ही बाजूंनी वर आला होता, फक्त मधलं तोंड राहिलं होतं, जिथं पाण्याचा मारा सगळ्यात जास्त. तिथं मोठे धोंडे लागतात आणि ते मामांना आणि बायकांना उचलत नव्हते. अशात एका सकाळी टोळीचा ट्रॅक्टर तांड्यावर आला.

मी चहा घेऊन गेले होते. विकासनं भांड्याची गोणी ट्रॉलीत टाकली, बायकोला हात देऊन वर घेतलं, निताला वर घेतलं. निता दप्तर छातीशी धरून बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की तिकडंही शाळा आहे, आणि ते खरं नाही हे तिला माहीत होतं. भिकाबाईनं भाकरी बांधून सुनेच्या हातात दिल्या. लेकाला तिनं अडवलं नाही, रडली नाही. सरळ बांधावर जाऊन मामांच्या बाजूला उभी राहिली आणि धोंड्याला हात लावला. मला वाटलं, आता हिनं सोडून दिलं सगळं.

धोंडा हलला, आणि परत जागेवर बसला.

"विकास!" मामा पहार टेकून ओरडले. "ह्यो एक धोंडा लाव, अन मग जा कुठं जायचं तिकडं!"

विकास ट्रॉलीतून बघत राहिला. मग उडी मारून उतरला. पहार घेतली, धोंड्याखाली घातली आणि अंगाचा जोर लावला. धोंडा जागेवर गेला, पण डुगडुगत होता.

"चिप घाल खाली," मामा म्हणाले. विकासनं दगडाची चिप घातली. "हां, आता बराबर. ह्याच्यावर तो तिकडचा बसंल."

विकास तिकडचा आणायला गेला.

मुकादमानं हॉर्न वाजवला. दुसऱ्यांदा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा विकासनं मागं न वळता हात हलवला. "चला तुमी. माह्या जागी दुसरा बघा."

"काहून रे?" मुकादम ओरडला.

"बांधाचं तोंड उघडं हाय न," विकास म्हणाला.

एवढंच. निता दप्तरासकट ट्रॉलीतून उतरली आणि शाळेच्या वाटेनं पळत सुटली, कुणी परत बोलवायच्या आत. मागोमाग तिच्या आईनं भांड्याची गोणी खाली उतरवली. भिकाबाई मटकन खाली बसली आणि लहान पोरासारखी मोठमोठ्यानं रडली. मीही रडले. मामांनी दोघींकडं बघितलं आणि म्हणाले, "रडून काय राहिल्या? चिपा आणा."

हिवाळाभर माती पुन्हा वर गेली. आमच्याकडची गेली, तलावातला गाळ गेला, पारुबाईनं आपल्या उकिरड्याचं खत दिलं. मृगात भिकाबाईनं हळद लावली. बेणं आमच्या वाचलेल्या ओळींमधलं. आत्याबाईंनी गड्डे स्वतः निवडून दिले, एकही किडका नाही. ठेच्याचा राग तेव्हा कुठं गेला.

आणि जुलैत तसाच पाऊस आला. तसाच काळा, तसाच आडवा. गावात पळापळ झाली, लोकांनी धान्य माळ्यावर चढवलं, आम्ही नवी म्हैस मारुतीच्या पाराजवळ नेऊन बांधली. मामा कुणाचं न ऐकता छत्री घेऊन रानाच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. त्यांना ओढून आणायला मी गेले आणि मीही तिथंच थांबले. वरून पाणी आलं. भरपूर आलं. पण ते मागच्यासारखं धावत आलं नाही, बांधाच्या बाजूनं वळून आपल्या वाटेनं ओढ्यात गेलं. आमच्या रानात आलं ते पायाच्या घोट्याएवढं. मामांनी वाकून त्यात हात घातला, ओंजळ भरून घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. पाण्याखालची त्यांची बोटं दिसत होती.

त्यांनी मला फोन लावायला सांगितला. विकासनं उचलला आणि आईकडं दिला. पावसाच्या आवाजात मामा ओरडून बोलत होते.

"भिकाबाई! या वर्षी काही पाठवलं न्हाई का गं?"

पलीकडून तिचा आवाज आला. फोन नसता, तरी बहुतेक ऐकू आला असता.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "यंदा समदं घरीच हाय."